खरा संदेष्टा कोणास म्हणावे? : मॉर्मन पंथातील एक दीर्घ वाद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाच्या कपाटांत एकमेकांशी मुळीच न पटणारी पुस्तके शेजारीशेजारी सुखाने नांदत असतात. मंडनाच्या ग्रंथाला खंडनाचा ग्रंथ टेकून उभा असतो. वाचक दोन्ही घरी नेतो आणि निर्णय स्वतःच्या मनाशी करतो. आजचा विषय या रिवाजाला धरूनच निवडलेला आहे. एका ग्रंथावर उभा राहिलेला एक धर्मपंथ, आणि तो ग्रंथ देणाऱ्या माणसाला काय म्हणावे याविषयी जवळजवळ दोनशे वर्षे चाललेला वाद, असे या विषयाचे स्वरूप आहे.

विषय वरवर पाहता दूरचा आहे. मॉर्मन पंथाची स्थापना अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात १८३० मध्ये झाली आणि त्याच्या सर्वांत मोठ्या शाखेचे पीठ युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. परंतु १८५२ मध्येच ह्यू फिन्डले हा त्या पंथाचा प्रचारक मुंबईत उतरला होता, पुण्याच्या छावणीतही त्याने प्रचार केला होता, आणि मराठी लोकांना उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिका १८५५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली होती. यश फारसे आले नाही व ते प्रचारक माघारी गेले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंथ पुन्हा या देशात रुजू लागला, आणि भारतातील त्याचा पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा एकत्रित विभाग, २०१२ मध्ये याच हैदराबाद शहरात स्थापन झाला. तेव्हा हा वाद आपल्या उंबरठ्यापासून वाटतो तितका लांब नाही. नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मुख्य शाखेचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये असा आग्रह तिने २०१८ पासून धरला आहे. तथापि या परंपरेतील सर्व शाखांना मिळून दुसरे सुटसुटीत नाव रूढ नसल्याने येथे ते नाइलाजाने योजावे लागत आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. जुन्या मराठी बायबलात ‘भविष्यवादी’ हा शब्द आढळतो, पुढे ‘संदेष्टा’ हा शब्द रूढ झाला. ‘प्रेषित’ हा शब्द मराठी ख्रिस्ती परंपरेत येशूच्या बारा निवडक शिष्यांसाठी राखलेला आहे. या शहरात सर्वांच्या कानांवर असलेल्या ‘पैगंबर’ या फारसी शब्दाचा अर्थही निरोप आणणारा असाच आहे. ‘भविष्यवादी’ म्हटले की पुढचे सांगणारा हा अर्थ पुढे येतो. ‘संदेष्टा’ म्हटले की ईश्वराचा निरोप पोहोचविणारा हा अर्थ पुढे येतो. पहिल्याची परीक्षा काळ करतो. दुसऱ्याची परीक्षा कोणी आणि कशाने करावयाची? मॉर्मन पंथातील सारा वाद या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्मांट राज्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. कुटुंब पुढे न्यू यॉर्क राज्यातील पाल्मायरा गावाजवळ येऊन राहिले. त्या प्रदेशात तेव्हा धर्मप्रचाराची मोठी लाट आली होती. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे पंथ परस्परांचे अनुयायी ओढीत होते. यांपैकी खरा पंथ कोणता, या प्रश्नाने व्याकुळ झालेल्या जोसेफने नव्या करारातील याकोबाच्या पत्रातला उपदेश प्रमाण मानला. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवापाशी मागावे, असा तो उपदेश आहे. त्याच्या कथनानुसार १८२० च्या वसंतात, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो जवळच्या रानात गेला, त्याने प्रार्थना केली आणि त्याला दर्शन घडले. कोणत्याही प्रचलित पंथात जाऊ नकोस, असे त्यास सांगण्यात आले. या दर्शनाचे त्याने स्वतः लिहिलेले वा लिहवून घेतलेले वृत्तांत १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२ असे निरनिराळ्या वर्षांचे आहेत व त्यांच्या तपशिलांत फरक आहेत. श्रद्धावंत म्हणतात, एकच अनुभव माणूस वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या अंगांनी सांगतो. टीकाकार म्हणतात, कथा वाढत गेली.

१८२३ मध्ये मोरोनी नावाच्या देवदूताने आपल्याला एका टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्रांची माहिती दिली, १८२७ मध्ये ती पत्रे हाती आली, आणि दैवी साह्याने त्यांचे भाषांतर केले, असे जोसेफने सांगितले. भाषांतराच्या वेळी टोपीत एक विशिष्ट दगड ठेवून त्यात तो पाहत असे, असे प्रत्यक्षदर्शींनी लिहून ठेवले आहे. तशाच दगडाच्या साह्याने गुप्तधन शोधण्याचा उद्योग त्याने त्यापूर्वी केला होता व त्यावरून १८२६ मध्ये त्यास न्यायाधीशासमोर उभे राहावे लागले होते, हेही नोंदलेले आहे. ‘मॉर्मनचा ग्रंथ’ मार्च १८३० मध्ये पाल्मायरा येथे छापला गेला. पाच हजार प्रतींच्या छपाईसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची स्थापना झाली.

संदेष्टा कोण, हा वाद बाहेरच्या टीकाकारांनी उभा केला असे समजण्याचे कारण नाही. स्थापनेला सहा महिने होण्यापूर्वीच तो घरात शिरला होता. हायरम पेज हा सुवर्णपत्रे पाहिल्याची साक्ष देणाऱ्यांपैकी एक. त्याच्याजवळही एक दगड होता आणि त्यातून आपणास साक्षात्कार होतात असे तो सांगू लागला. ऑलिव्हर काउडरीसारखा जोसेफचा निकटचा सहकारीही ते साक्षात्कार खरे मानू लागला. सप्टेंबर १८३० मध्ये जोसेफने नवा आदेश प्रकट केला. त्याचा आशय असा की संपूर्ण चर्चसाठी आदेश घेण्याचा अधिकार एकट्या जोसेफचा आहे, आणि चर्चमधील कारभार सर्वांच्या संमतीने चालावा. पुढच्याच वर्षी ओहायोतील कर्टलंड येथे एका स्त्रीने संदेष्ट्रीपणाचा दावा केला, तेव्हा हाच नियम पुन्हा सांगण्यात आला.

येथे एक पेच निर्माण झाला आणि तो कधीच पुरता सुटला नाही. ज्या मुलाने कोणत्याही धर्माधिकाऱ्याचा शब्द न मानता थेट देवाला विचारले, त्याच्या अनुभवावर हा पंथ उभा होता. देव आजही बोलतो आणि तो कोणाशीही बोलू शकतो, ही त्याची मूळ ग्वाही होती. परंतु प्रत्येकजण आदेश आणू लागला तर समाज टिकत नाही. म्हणून आदेशाचा अधिकार एका पदाशी बांधावा लागला. एकीकडे प्रत्येकाची आत्मप्रचीती आणि दुसरीकडे एकाचा शब्द, या दोहोंत प्रमाण कोणते? पुढील साऱ्या कसोट्या या प्रश्नाची उत्तरे देण्याचे प्रयत्न होत.

पहिली कसोटी भविष्याची. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ती स्पष्ट सांगितली आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडून आली नाही, तर ते वचन परमेश्वराचे नव्हे. मॉर्मन श्रद्धावंत या कसोटीवर जोसेफची एक भविष्यवाणी अभिमानाने पुढे ठेवतात. २५ डिसेंबर १८३२ रोजी त्याने सांगितले की दक्षिण कॅरोलायनापासून युद्ध सुरू होईल आणि दक्षिणेची राज्ये उत्तरेच्या राज्यांविरुद्ध उभी राहतील. ही वाणी १८५१ मध्ये छापली गेली होती, आणि एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध खरोखरच दक्षिण कॅरोलायनातील सम्टर किल्ल्यावर सुरू झाले. टीकाकारांचे उत्तर असे की १८३२ च्या नोव्हेंबरातच ते राज्य जकातीच्या प्रश्नावर केंद्र सरकारशी भांडणास उभे राहिले होते, युद्धाची चर्चा वर्तमानपत्रांतून चाललीच होती, आणि ते युद्ध सर्व राष्ट्रांवर पसरेल हा भाग तेव्हा घडला नाही.

उलट बाजूचे उदाहरण मिसुरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावाचे. तेथे याच पिढीत मंदिर उभे राहील, असे सप्टेंबर १८३२ च्या आदेशात होते. पुढच्याच वर्षी जमावाने मॉर्मन कुटुंबांना त्या परगण्यातून हुसकून लावले. १८३८ मध्ये तर मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला अथवा नष्ट करा, असा हुकूमच मिसुरीच्या गव्हर्नरने काढला. तो हुकूम १९७६ पर्यंत रीतसर रद्द झालेला नव्हता. नेमलेल्या त्या जागेवर मंदिर काही झाले नाही. जानेवारी १८४१ च्या आदेशात खुलासा आला की शत्रूंनी काम अडविले असता ते करणाऱ्यांवर दोष राहत नाही. श्रद्धावंत येथे योना संदेष्ट्याचा दाखला देतात. निनवे नगर चाळीस दिवसांत नष्ट होईल असे योनाने सांगितले, नगराने पश्चात्ताप केला आणि ते वाचले. म्हणून योना खोटा ठरला काय? दाखला समर्पक आहे. पण त्याचा परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. प्रत्येक भविष्यामागे एक अनुक्त अट मानली, तर कोणतेही भविष्य खोटे ठरविता येत नाही, आणि मग कोणतेही भविष्य खरेपणाचा पुरावाही राहत नाही.

जोसेफ स्वतः या अडचणीला कसा सामोरा गेला, याची एक हकिकत डेव्हिड व्हिटमरने १८८७ मध्ये छापलेल्या पत्रकात दिली आहे. १८३० च्या आरंभी ‘मॉर्मनचा ग्रंथ’ याचे कॅनडातील प्रकाशनाधिकार विकण्यासाठी जावे, असा आदेश झाला. माणसे गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. जोसेफला विचारले असता त्याने पुन्हा देवापाशी विचारणा केली, आणि काही साक्षात्कार देवाचे असतात, काही माणसाचे आणि काही सैतानाचे, असे उत्तर त्यास मिळाले, असे व्हिटमर सांगतो. हा आदेश केवळ ऐकीव आहे असे पुष्कळ काळ मानले जाई. पुढे त्याची हस्तलिखित नोंद मिळाली आणि २००९ मध्ये मुख्य शाखेच्याच इतिहास विभागाने ती प्रसिद्ध केली. तीत लोकांनी मने कठोर केली नाहीत तर, अशी अट आहे. हे प्रकाशन करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली पाहिजे.

दुसरी कसोटी साक्षीची. सुवर्णपत्रे कोणासही पाहावयास मिळत नाहीत. ती देवदूताने परत नेली असे सांगितले जाते. त्यांच्या जागी अकरा साक्षीदारांच्या सह्या ग्रंथात छापलेल्या आहेत. ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस हे तिघे प्रमुख साक्षीदार पुढे जोसेफपासून दुरावले. काउडरी व हॅरिस कालांतराने परत आले. व्हिटमर कधीच परतला नाही. तरीही आपली साक्ष व्हिटमरने १८८८ मध्ये मरेपर्यंत मागे घेतली नाही. ज्याचा ग्रंथ खरा असे तो शपथेवर सांगे, तोच माणूस पुढे वाट चुकला असेही व्हिटमर सांगे. एकदा खरा असलेला संदेष्टा कायमचा खरा राहतोच असे नाही, हा विचार या पंथात प्रथम मांडणाऱ्यांत त्याची गणना करावी लागेल.

भाषांतराच्या साक्षीची परीक्षा मात्र पुढे शक्य झाली. १८३५ मध्ये कर्टलंड येथे इजिप्तमधील काही ममी व पपायरस विकत घेण्यात आले. त्यांतून जोसेफने ‘अब्राहामचा ग्रंथ’ दिला व तो १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पपायरस शिकागोच्या १८७१ च्या आगीत जळाले असा समज होता. परंतु त्यांचे काही तुकडे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि १९६७ मध्ये ते चर्चकडे सुपूर्द झाले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी ते वाचले, तेव्हा ते मृतांबरोबर ठेवावयाच्या अंत्यविधीच्या ग्रंथाचे ठरले. अब्राहामाचा त्यांत उल्लेख नाही. उरलेल्या तुकड्यांवरील मजकूर आणि छापलेला ग्रंथ जुळत नाहीत, हे मुख्य शाखेनेही २०१४ च्या निबंधात मान्य केले आहे. कोणी म्हणतात मूळ गुंडाळी हरवली. कोणी म्हणतात पपायरस हे केवळ साक्षात्काराचे निमित्त होते. आणि कोणासाठी विश्वासाचा धागा येथेच तुटतो.

२७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगावर जमाव चालून आला आणि त्याने जोसेफ व त्याचा भाऊ हायरम यांस गोळ्या घालून मारले. नॉव्हू नगरातील एका विरोधी वृत्तपत्राचा छापखाना जोसेफच्या अधिकाराखाली उद्ध्वस्त करण्यात आला होता, आणि त्यावरून तो कैदेत होता. आता गादीचा वाद उभा राहिला. ८ ऑगस्ट १८४४ च्या सभेत सिडनी रिग्डनने आपण चर्चचे पालक व्हावे असे मांडले. ब्रिगम यंगने बारा प्रेषितांच्या मंडळाकडे अधिकार आहे असे प्रतिपादिले. आणि सभेने मंडळाला कौल दिला. बोलताना यंगच्या ठायी जोसेफचाच आवाज व रूप दिसले, असे पुष्कळांनी पुढे सांगितले. त्या आठवणी बहुतांशी नंतर लिहिलेल्या आहेत.

याच वेळी जेम्स स्ट्रँग नावाचा, अवघ्या चार महिन्यांपूर्वी दीक्षा घेतलेला, एक वकील पुढे आला. त्याच्यापाशी जोसेफच्या नावाचे नियुक्तिपत्र होते. अभ्यासक ते सामान्यतः बनावट मानतात. आपणास देवदूताने अभिषेक केला असे तो सांगे. सप्टेंबर १८४५ मध्ये त्याने सांगितलेल्या जागी, विस्कॉन्सिनमधील एका ओक वृक्षाखाली, चार माणसांनी खणले आणि त्यांस पितळेची तीन छोटी पत्रे सापडली. स्ट्रँगने त्यांचे भाषांतर केले. देवदूत, धातूची पत्रे, साक्षीदार, भाषांतर: जोसेफच्या खरेपणाची म्हणून जी जी खूण सांगितली जाई, ती ती स्ट्रँगपाशी होती, आणि त्याची पत्रे तर कोणासही पाहता येत. मार्टिन हॅरिस काही काळ त्याच्या बाजूने प्रचारास इंग्लंडला गेला, जोसेफचा भाऊ विल्यम त्यास मिळाला. १८५० मध्ये मिशिगन सरोवरातील बीव्हर बेटावर स्ट्रँगने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. १८५६ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि उत्तराधिकारी न नेमता तो वारला. त्याचे अनुयायी विखुरले. मूठभर आजही आहेत. ब्रिगम यंगपाशी नवी पत्रे नव्हती, देवदूताच्या अभिषेकाचा दावाही नव्हता. त्याच्यापाशी पद होते आणि संघटना होती. त्याने १८४७ मध्ये हजारो विस्थापितांना रॉकी पर्वतांपलीकडील ओसाड खोऱ्यात नेऊन वसविले. चमत्काराच्या कसोटीवर स्ट्रँग उजवा दिसत असताना बहुसंख्य लोक यंगमागे गेले, ही या इतिहासातील फार बोलकी गोष्ट आहे.

तिसरा मार्ग रक्ताच्या नात्याचा निघाला. जोसेफची पत्नी एमा नॉव्हूलाच राहिली. तिचा पुत्र जोसेफ स्मिथ तिसरा याने १८६० मध्ये पुनर्रचित शाखेचे अध्यक्षपद स्वीकारले. ही शाखा २००१ पासून ‘कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट’ या नावाने ओळखली जाते. स्मिथ घराण्याकडेच अध्यक्षपद राहण्याचा तिचा प्रघात १९९६ मध्ये संपला आणि २०२५ मध्ये तिच्या संदेष्टा-अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली. मुख्य शाखेत मात्र प्रेषितांच्या मंडळातील ज्येष्ठता हाच नियम दृढ झाला. रसेल नेल्सन २७ सप्टेंबर २०२५ रोजी निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात डॅलिन ओक्स अध्यक्ष झाले, तेव्हा कोणासही शंका नव्हती. १८४४ चा गोंधळ पुन्हा होऊ नये ही व्यवस्था झाली खरी; पण ज्येष्ठतेने पद मिळते, संदेश मिळतोच काय, हा प्रश्न ती सोडवू शकत नाही.

चौथी कसोटी फळांची. फळांवरून झाड ओळखावे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. मॉर्मन समाजाची उद्यमशीलता, परस्परसाह्य आणि कुटुंबनिष्ठा हे फळ म्हणून दाखविता येते. परंतु त्याच झाडाला बहुपत्नीत्वाचेही फळ लागले होते. त्याचा आदेश १२ जुलै १८४३ रोजी लिहिला गेला. जोसेफच्या विवाहांची संख्या सावध अंदाजाने तीस ते चाळीस धरली जाते, हे चर्चने २०१४ मध्ये प्रकटपणे सांगितले. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये या प्रथेला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले; १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्तीस आली. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून बहुपत्नीविवाह थांबविण्याचा सल्ला दिला, आणि १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला. काल जी ईश्वराची आज्ञा होती ती आज पाळू नये, हे सांगणारा संदेष्टा खरा काय? वुडरफ यांनी समाजाला आश्वासन दिले की अध्यक्षाने लोकांना आडवाटेला नेले तर परमेश्वर त्यास पदावरून दूर करील. ज्यांना हे पटले नाही, त्यांनी वेगळ्या शाखा काढल्या आणि सरकारच्या भीतीपोटी संदेश बदलला असा आरोप केला. हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. आज्ञा मानून ज्या स्त्रियांनी दुसरी वा तिसरी पत्नी होणे पत्करले होते, त्यांचे संसार या जाहीरनाम्याने अधांतरी लटकले.

वुडरफ यांच्या आश्वासनाशेजारी जोसेफचे एक म्हणणे ठेवावे लागते. फेब्रुवारी १८४३ मध्ये त्याने सांगितले होते की संदेष्टा हा संदेष्टा या नात्याने वागत असतो तेवढ्यापुरताच संदेष्टा असतो. इतर वेळी तो माणूस. १८३७ मध्ये कर्टलंडची पतसंस्था बुडाली तेव्हा हा भेद लोकांना कटुपणे शिकावा लागला होता. पुष्कळ सभासद, काही प्रेषितही, त्या वेळी चर्च सोडून गेले. अलीकडचे उदाहरण मार्क हॉफमनचे. या बनावट दस्तऐवज करणाऱ्याने १९८० च्या दशकात जोसेफच्या काळातील म्हणून कित्येक कागद तयार केले. त्यांत जोसेफने पुत्राला वारस नेमल्याचा कागदही होता. म्हणजे गादीच्या जुन्या वादातच त्याने हात घातला होता. चर्चच्या नेत्यांनी त्याचे कागद घेतले, तज्ज्ञही फसले. १९८५ मध्ये त्याने बाँबने दोघांचे प्राण घेतले, तेव्हा बिंग फुटले. द्रष्ट्यांना हे दिसले कसे नाही, असे टीकाकारांनी विचारले. सर्वज्ञतेचा दावा कोणी केला होता, असे श्रद्धावंतांनी विचारले.

परंतु पद आणि माणूस यांतील ही रेघ सर्वत्र इतकी सहज ओढता येत नाही. १८५२ मध्ये ब्रिगम यंगने आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद देऊ नये असे जाहीर केले. वस्तुतः १८३६ मध्ये, जोसेफच्या हयातीत, एलायजा एबल या कृष्णवर्णीयास दीक्षा मिळालेली होती. ही बंदी सव्वाशे वर्षे चालली आणि तिच्या समर्थनार्थ धर्मशास्त्रीय उपपत्ती रचल्या गेल्या. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी साक्षात्काराच्या आधारे ती उठविली. याआधी आपण वा इतरांनी जे काही सांगितले ते विसरून जा, असे एका प्रेषिताने त्याच वर्षी श्रोत्यांना सांगितले. २०१३ च्या निबंधात चर्चने त्या जुन्या उपपत्ती नाकारल्या. तसेच, समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देण्यावर निर्बंध घालणारे धोरण नोव्हेंबर २०१५ मध्ये आले, जानेवारी २०१६ मध्ये रसेल नेल्सन यांनी त्यास साक्षात्कार म्हटले, आणि त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, एप्रिल २०१९ मध्ये, ते मागे घेण्यात आले. बदल चुकीची दुरुस्ती होता की नवा संदेश, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे राहिले.

आणि येथेच शेवटची कसोटी येते. ती आंतरिक प्रचीतीची. ‘मॉर्मनचा ग्रंथ’ आपल्या शेवटच्या भागात वाचकाला सांगतो की हे खरे आहे काय ते प्रामाणिक मनाने देवाला विचार, उत्तर तुझ्या अंतःकरणात मिळेल. पंथाचे प्रचारक आजही प्रथम हीच कसोटी पुढे ठेवतात. तिच्यावर आक्षेप उघड आहे. स्ट्रँगच्या अनुयायांनाही प्रचीती आली होती, एमाच्या पुत्रामागे गेलेल्यांनाही आली होती, आणि ‘मला उलट उत्तर मिळाले’ असे म्हणून बाहेर पडणाऱ्यांनाही ती आली होती. प्रचीती साऱ्यांनाच निर्णय देते. साऱ्यांना एकच निर्णय देत नाही. तरीही ही कसोटी टाकून देणे या पंथाला शक्य नाही, कारण रानात गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलापाशी दुसरी कोणतीच कसोटी नव्हती. वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरच्या अधिवेशनांत, सभासद उजवा हात वर करून अध्यक्षाला संदेष्टा म्हणून संमती देतात. समोर दुसरा उमेदवार नसतो. पण हात वर करण्याची विधी ठेवली आहे, यातच मान्य केले आहे की संदेष्टा मानला जाण्यासाठी मानणारा लागतो आणि मानणाऱ्याची जबाबदारी संदेष्टा उचलू शकत नाही.

या साऱ्या वादाचा भार एका जीवनात दिसतो. जेन मॅनिंग जेम्स ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री कनेक्टिकट राज्यातून आपल्या आप्तांसह, वाटेतला फार मोठा भाग पायी तुडवीत, नॉव्हूला आली आणि जोसेफच्या घरी कामास राहिली. त्याच्यानंतर ती यंगबरोबर युटाला गेली. मंदिरातील पूर्ण विधी आपणास मिळावेत म्हणून तिने एकामागून एक अध्यक्षांकडे विनंत्या केल्या आणि प्रत्येक वेळी तिला नकार मिळाला. १८९४ मध्ये जोसेफच्या कुटुंबाशी तिचे विधिपूर्वक नाते जोडण्यात आले, ते सेविका म्हणून. १९०८ मध्ये ती वारली, आणि तोवर तिने श्रद्धा सोडली नाही. ज्यांनी तिला नाकारले त्यांनाही ती संदेष्टे मानीत होती, आणि तरीही आपली मागणी न्याय्य आहे हे ती त्यांना पुनःपुन्हा लिहीत होती. या दोन गोष्टी तिने एका मनात कशा वागविल्या, याचे उत्तर कोणत्याही कसोटीच्या सूत्रात सापडत नाही. परंतु १९७८ मध्ये जे मान्य झाले ते तिने शतकभर आधी ओळखले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

तात्पर्य असे की खरा संदेष्टा कोण, या प्रश्नाला भविष्य, साक्ष, वारसा, फळे आणि प्रचीती अशी पाच उत्तरे या पंथाने दिली. यांपैकी एकेक घेतले तर ते अपुरे पडते, कारण जोसेफला सिद्ध करणारी प्रत्येक खूण त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही उपयोगी पडली आहे. पदाने समाज एकत्र राहिला, हे पदाचे श्रेय. पण पदाच्या चुका उघड झाल्या त्या वेळी, प्रथम विचारणाऱ्या एकट्या माणसांमुळेच त्या उघड झाल्या. ज्या धर्माचा आरंभ एका मुलाच्या प्रश्नाने झाला, त्याला इतरांचे प्रश्न कायमचे बंद करता आलेले नाहीत. आणि ते बंद झाले असते, तर त्याच्या संस्थापकाच्या प्रश्नालाच अर्थ उरला नसता.

मंडन आणि खंडन यांची पुस्तके ज्या कपाटात शेजारी राहतात, त्या ग्रंथालयाला हे वेगळे सांगावयास नको. पुढील शंभर वर्षेही या कपाटांची दारे अशीच दोन्ही बाजूंच्या पुस्तकांना उघडी राहोत, ही सदिच्छा.